आधी वेफर ठरव

“आधी वेफर ठरव, मग बाकीचं बघ. बाकी सगळं बदलता येतं. वेफर मदरबोर्डाला जन्माचा चिकटलेला असतो, तुझ्या आईसारखा!”

चिमणे, काल जेवताना तू तयारच कॉम्प्युटर मागवते म्हणालीस आणि मला बाबांचं हे आठवलं. तुम्ही दोघं पहिल्यांदा चिपसेट-चिपसेट करत बसला होतात, तेव्हा तुम्हाला भूक लागली असं समजून मी वाटीभर वेफर्स आणून ठेवले. बाबा हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. तेव्हापासून आपल्या घरात चिपसेटचं नाव वेफर.

तुझा गेमिंगचा कॉम्प्युटर तुम्ही मिळून जोडणार होतात. तू स्क्रू लावायचे, त्यांनी उजेडाला बॅटरी धरायची. दवाखान्यात मला म्हणाले, “मी नसलो तर बॅटरी तू धर. हलवू नकोस म्हणजे झालं.” मी हो म्हटलं होतं.

तेव्हा तयार काही मागवू नकोस. वेफर बी-६५० घ्यायचा की त्याहून स्वस्तातला, ते तूच ठरव. मला त्यातलं कळत नाही. पण पुढे वेग वाढवता येतो म्हणून बाबा बी-६५०च म्हणायचे, एवढं आठवतं.

माझं आजचं मौनव्रत दुपारी सुटेल, म्हणून लिहून ठेवतेय. दूध तापवलंय, झाकण ठेव, मांजर टपलंय. टेबल रिकामं कर.

मी कोपऱ्यावरच्या दुकानात सेल आणायला निघाले. बोलायचं नाही, म्हणून दाखवायला बाबांची बॅटरीच सोबत घेतलीय.

— आई