वाळवीने सोडलेली रांग

१३ जानेवारी १९६४, अमरावती

आज दुर्गाने भर वर्गात मला गप्प केलं! मुळांवरचे बारीक केस शिकवत होते. म्हटलं, हे तुटले की रोपाला पाणी ओढता येत नाही. झालं, मागच्या बाकावरून उठली. शेवटच्या वर्षाची मुलगी, अचलपूरकडच्या संत्राबागवाल्या भगवंतरावांची. वर्गात मुली दोनच, पण हिचा एकटीचा आवाज साऱ्या पोरांना भारी.

"मडम, आमी त दरसाली वाफ्यातून रोपं उपटूनच लावतो. केस तुटतेतच. मंग ते जगते कसं?"

"काही जगतात, काही मरतात."

"मरतेत त्याईचं काय?"

त्याईचं काय! घंटा वाजली म्हणून सुटले. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मातीच्या कुंडीत रोप वाढवलं तर लावताना कुंडी फोडा, पुन्हा मुळं दुखावतातच. मग कुंडीसकटच पुरता आलं तर? जमिनीत आपोआप विरून जाणारी कुंडी! असं काही असतं का कुठे?

१५ जानेवारी

आमचं वनस्पती मंडळ दरवर्षी चिखलदऱ्याला सहल काढतं आणि वाळकी पानं कागदावर चिकटवतं. यंदा मी जाहीर केलं— एक वस्तू बनवायची आणि विकायची.

"विकायची?" उद्धव दचकलाच. महादेवाच्या देवळातल्या पुजाऱ्यांचा मुलगा. "आमच्या घरात आजवर कोणी काही विकलं नाही, मॅडम."

"दक्षिणा घेता ते काय मंग?" — दुर्गा. सगळा वर्ग खो खो हसला. उद्धवसुद्धा.

मला काय हवंय ते त्यांना नीट सांगता आलं का, कोण जाणे. परीक्षेत मी मार्क देते. ओळखीची असते, माया करते. अनोळखी माणूस मात्र गरज असल्याशिवाय खिशात हात घालत नाही. त्याच्यासारखा परीक्षक नाही! म्हणून अट घातली, नातेवाइकांना विकायचं नाही. कीव येऊन कोणी घेतलं तर ती विक्री धरायची नाही.

माल कसला? वऱ्हाडात जे जाळतात, टाकतात तेच घेऊ. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. चुलीशिवाय तिला कोणी विचारत नाही. आणि शेण.

२२ जानेवारी

पऱ्हाटी कुटली, राखेच्या पाण्यात उकळली. वास! आख्खी इमारत नाक धरून. प्राचार्य रुमाल लावून आले.

"संशोधन चाललंय का?"

"हो सर."

"कशावर?"

"ते अजून नीटसं कळलं नाही, सर."

रुमाल आणखी घट्ट धरून गेले.

बाबांच्या कानावर कोर्टातच गेलं. जेवताना म्हणाले, "अनसूया, मोरोपंत वकिलांची मुलगी कॉलेजात शेण कालवते, असं बार रूममध्ये बोलतात." मी म्हटलं, खरं आहे. त्यांनी ताक मागितलं.

२ फेब्रुवारी

उभी राहिली! उद्धवच्या आईच्या गडूवर लगदा थापला, उन्हात वाळवला आणि अलगद काढला. वेडीवाकडी, पण कुंडीच. तासभर सगळे तिच्याकडे नुसते बघत बसलो. गडूला मात्र पोचा पडला. आईला काय सांगायचं, हे उद्धवने मला विचारलं.

१६ फेब्रुवारी, अकोला

शेतीच्या प्रदर्शनात एक टेबल मिळालं. मुलं धर्मशाळेत, मी आणि दुर्गा जुन्या शहरात मावशीकडे. सकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडताना दोघींच्या डोक्यावर टोपल्या! मावशीने पदर तोंडाला लावला.

दुपारपर्यंत लोक हातात घेत, वास घेत, ठेवून देत. मग खुशालराव म्हणून एक मोठे बागायतदार आले. पांढरं धोतर, पल्लेदार मिश्या. सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि कुंडीवर रिकामा केला.

बघता बघता चिखल! गर्दी हसली. उद्धव टेबलामागे लपला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्याचं असं आहे की—" एवढंच तोंडातून निघालं.

दुर्गा पुढे झाली. तोच चिखल हातात घेतला.

"काका, विरघळली हे बराबर झालं. विरघळाच लागन, नाईतर मुळाले वाट कशी भेटन? पन लवकर विरघळली, हे आमचं चुकलं."

खुशालरावांनी तिला न्याहाळलं. "कोनाची वं तू?"

"भगवंतरावची. अचलपूरकडची."

"मृगापर्यंत टिकन असं आन. मंग बोलू." आणि चालू लागले.

एकही कुंडी विकली गेली नाही. तरी परत येताना दुर्गा गाणं गुणगुणत होती! मी विचारलं, कसला आनंद? म्हणाली, "मडम, त्याईले पारखाचं नसतं त तांब्या कशाले उचलला असता?"

४ मार्च

डिंक घालून पाहिला— मुंग्या. चुना— कडक, पण रोपं पिवळी. आणि आज उद्धव आला तो बेलफळं घेऊन. शिवरात्रीची देवळात पडून होती. आतला चिकट गर बोटांना लागला की दिवसभर सुटत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. पण देवाचं फळ लगद्यात घालावं का, या विचारात चार दिवस गेले म्हणे! वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "रोप जगवायला घालतोस ना? घाल."

आता कुंडी पाण्यात भिजते, मऊ होते, तरी उभी राहते. असं का? गरात असं काय असेल? मला माहीत नाही. किती दिवसांनी हे वाक्य इतक्या आनंदाने लिहिते आहे!

१९ मार्च

लिहवत नाही.

वाळवी लागली. पऱ्हाटीबरोबरच आली असणार. वनस्पतींच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं तर आत माती. मेळघाटात पायपीट करून जमवलेली झुडपं, गवतं, एकेक दाबून वाळवलेलं पान, त्याखाली माझ्या हाताने लिहिलेली नावं! काही झाडं तर या भागात मीच पहिल्यांदा टिपलेली. कॉलेजात आल्यापासूनचं सगळं. बोट लावलं की भुगा.

तिथेच खाली बसले. मुलं दारात उभी. कोणी आत यायला धजेना.

२० मार्च

दुर्गा आणि उद्धव सकाळीच आले होते. दोघांनी खोली झाडली, मला हात लावू दिला नाही. एकाएकी दुर्गा झाडू टाकून फळीपाशी गेली.

"मडम, इकडं या."

नको म्हटलं.

"या नं वं, मडम!"

फळीवर आमच्या कुंड्या होत्या. सगळ्या पोखरलेल्या. पण एक रांग— कडेची— जशीच्या तशी! वाळवीची माती तिच्यापर्यंत येऊन बाजूने वळून गेलेली.

"हे कावून नाई खाल्लं?"

मी रात्रभर रडले होते. डोळे उघडत नव्हते. तरी उठून फळीपाशी गेले. का नाही खाल्लं?

उद्धवचा चेहरा पडला. "मॅडम, रागावू नका. ती रांग माझी. शेण आणायचा कंटाळा आला होता. घाण्यावर निंबोळीची पेंड पडली होती, तीच अर्धी मिसळली."

कडुनिंब! म्हणून वाळवी वळली. मी हसायलाच लागले. त्या भुग्यात उभी राहून! दोघं घाबरली असावीत.

२४ मार्च

प्राचार्यांनी बोलावलं. नुकसान कॉलेजचं आहे, म्हणाले, आणि ते खोटं नाही. रागावले नाहीत, एक कागद पुढे केला. यापुढे कॉलेजात किंवा बाहेर असले उद्योग विद्यार्थ्यांकडून करवून घेणार नाही, असं मी लिहून द्यायचं. "सही करा आणि विसरून जा, अनसूयाबाई. चांगल्या शिक्षिका आहात तुम्ही."

विचार करून सांगते म्हटलं.

कागद बाबांपुढे ठेवला. दोनदा वाचला. वाटलं, आता शेणावरून बोलणार. चष्मा काढून म्हणाले, "खोलीत करू नका म्हणाले असते तर मी सही कर म्हटलं असतं. 'बाहेर' हा शब्द कशाला? वकील म्हणून सांगतो, सही करू नकोस." कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाप म्हणूनही."

११ एप्रिल

परीक्षा. कुंड्या दुर्गाच्या वडिलांच्या मळ्यात हलवल्या. खोली रिकामी. फिनेलचा वास.

२१ जून

दुर्गा पास! उद्धवही. पेढे घेऊन आली तेव्हा मागे भगवंतराव. मी जरा बिचकले. मुलीला कॉलेजात कशाला घातलं आणि हे काय शिकवलं, असं ते म्हणतील वाटलं. ते म्हणाले, "बाई, पोट्टीनं माह्या वाफ्यातले गडी फोडले. सारे तिचेच कुंडे थापून राहिले!" तक्रार होती की कौतुक, कळेना. मिशीत हसत होते बहुतेक.

२८ जून

खुशालराव स्वतः अमरावतीला आले. पाडव्याच्या सुमारास दुर्गाने त्यांना एक कुंडी नेऊन दिली होती, मला न सांगता. तीच संत्र्याच्या रोपासकट धोतराच्या सोग्यात धरून, तान्ह्या मुलासारखी! माझ्यासमोर धरली.

"पाहा बाई. उभी आहे. आन् हे पाहा— मुळं बाहेर येऊन राहिली!"

भिंतीतून पांढरी, बारीक मुळं डोकावत होती. केसांसकट. एकही तुटलेलं नाही. मी भिंग आणलं. ते कुंडी सोडेनात, मी भिंग. चहा गार झाला. त्यांना नव्या बागेपुरत्या कुंड्या हव्या आहेत. मी म्हटलं, मला नाही, दुर्गाला विचारा.

१५ जुलै, अचलपूर

परवा कॉलेजला राजीनामा दिला. प्राचार्यांचा तो कागद सही न करताच परत केला. मसुदा बाबांनी तपासला. एक स्वल्पविराम घातला.

आज एस.टी.ने इथे आले. दुर्गाने ओसरीवर समोर बसवलं. उद्धव शेजारी, पायजमा गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेला.

"मडम, पगार कॉलेजसारखा नाई भेटन."

"चालेल."

"शेन सोताच कालवा लागन."

"येतं मला."

"अन् इथं मी म्हनन ते." एवढं म्हणाली आणि एकदम लाजून पाया पडायला वाकली.

मी हात धरला. मालकिणीने नोकराच्या पाया पडायचं नसतं!