जुन्या दिवाणांचे पाणी

आश्विन वद्य तृतीया. संध्याकाळ.

आज जुने दिवाण कचेरीत आले. अंगणात कोणी छत्री उघडायची नाही, हा नियम त्यांचाच. ते भर उन्हात मिटलेली छत्री धरून उभे राहिले. मी आत बोलावले नाही. याच अंगणात त्यांनी माझ्या वडिलांना दिवसभर उभे केले आणि तलावाचे पाणी दिले नाही. आमचे धान वाळले. राजेसाहेबांनी मला दिवाण केले, तेव्हापासून मी या दुपारची वाट पाहत होतो.

शेवटी आत घेतले.

"खुर्ची मोठी तर होत नाही ना?" ते म्हणाले. अजूनही तोच ताठा! मग म्हणाले, "धान निसवून राहिले आहे, लोंबी बाहेर पडते आहे. एकदा पाणी सोडा. बापाचा राग धानावर काऊन काढता?"

"तुम्ही कशावर काढला होता?"

ते गेले. फाटकापर्यंत छत्री उघडली नाही. मला ते आवडले, की झोंबले?

मग आमचा शिपाई फागू दारातच थांबला. "साहेब, त्यायच्या बांधीतूनच माह्या बांधीत पानी येते जी. माहं धान मरून राहिलं."

हे मला ठाऊक नव्हते? होते. धानाच्या मुलखात पाणी वरच्या शेताच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

"पाहू," म्हणालो.

त्याने कंदील पुसला, पेटवला, टेबलावर ठेवला. त्याच उजेडात लिहितो आहे. पाणी सोडण्याचा हुकूम समोर आहे. सही करणार नाही. उद्याही नाही.