भिंतीचा वास घेणारे घरमालक

ती. ताईस,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानंच नमस्कार. तुझा रक्तदाब आणि भावोजींचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (पहिल्यावर निदान गोळी मिळते.)

माझं म्हणशील तर तिसरा मजला मी अखेर सोडला. तळमजल्यावरच्या नव्या खोलीची अनामत भरायची तर जुन्या घराची परत मिळायला हवी. दुसरा पैसा जवळ नाही, हे तू जाणतेसच. जुने घरमालक घड्याळं दुरुस्त करतात. सात वर्षं जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. मी समजत होते, गरीब गाय आहे.

आदल्या दिवशी मी भिंतीतले नऊ खिळे उपटले आणि भोकं टूथपेस्टने बुजवली. ही विद्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातली. (खोटं बोलू नये, हे सिस्टर्सनी शिकवलं, खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं, ते आम्ही मुलींनी एकमेकींना शिकवलं.) काम असं बेमालूम झालं की भोकं मलाच सापडेनात.

घरमालक आले ते डोळ्याला भिंग लावूनच. चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीशी नाक नेलं आणि थांबले. "लवंगेची," ते म्हणाले. "सात वर्षं जिन्यात तुमच्या मागे हाच वास दरवळतोय, बाई." उरलेली आठ भोकं त्यांनी डोळे मिटून दाखवली. ताई, मी तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या, पण डोळे मिटून एकही नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. मग रागाने मी ते सोडवले.

खिडकीच्या लाकडी फळीवरचा इस्त्रीचा डाग मी कुंडीखाली झाकला होता. त्यांनी आधी कुंडी उचललीसुद्धा नाही. "घर सोडताना कोणी नवं झाड आणत नाही," एवढंच म्हणाले. मग डाग भिंगातून पाहिला. "हे तुमचं काम नव्हे. इस्त्री डाव्या हाताने टेकवलीय. तुम्ही किल्ल्या उजव्या हाताने दिल्यात."

आपल्या घरात डावखुरं कोण, हे मी तुला सांगायला नको. पाच वर्षांपूर्वी तू महिनाभर राहून गेलीस आणि मला डाग दिसला. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "तूच केला असशील, तुझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं." ते खरं मानून मी डॉक्टरांकडे गेले. तेव्हापासून रोज सकाळी भिजवलेले बदाम खातेय.

भोकांचं त्यांनी काही कापलं नाही. ("बुजवलीत तरी. लोक वर कॅलेंडर टांगून जातात.") फळीचे पैसे मात्र कापले.

तुझी, अजून तरी,
धाकटी

ता. क. कापलेली रक्कम तू भरून द्यावीस, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. पत्र पेटीत टाकण्याआधी मी घरमालकांना नवी खोली बघायला नेलं. वीस मिनिटांत त्यांनी अकरा दोष काढले. नव्या मालकाने घाम पुसत अनामत खाली आणली आणि माझं भागलं. तेव्हा पैसे नकोत. 'डाग माझा' एवढी एक ओळ लिहून पाठव. भावोजींकडून लिहून घेऊ नकोस, कागद आधी भिंगाखाली जाणार आहे. तो येईपर्यंत माझे बदाम चालू आहेत.