आगेराची लोंबी

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, मी सालोमी फेबियन तुस्कानो, वय ७९, राहणार राजोडी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे.

१. राहतं घर मुलगा आग्नेल याला मिळावं. तो बोळिंजच्या फ्लॅटमध्ये रमला आहे. विकायचं तर खुशाल विकावं, फक्त माझ्या नावाने रडत विकू नये.

२. दीर पीटर याने आमच्या शेताचा बांध हातभर आत सरकवला, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यापायी मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बांध आता तिथेच राहू दे. आग्नेलने मोजणी आणू नये. मोजमापातच माझा जन्म गेला.

३. माझा विळाही आग्नेललाच. त्याचं कारण लिहिणं भाग आहे.

सुगीच्या सणाला, आगेराला, गावातलं प्रत्येक घर नव्या भाताची जुडी वेदीपुढे ठेवतं. आमची जुडी सगळ्यांत देखणी असे, कारण एकेक लोंबी मी निवडून घ्यायची. एका वर्षी खाडीचं पाणी शेतात शिरलं आणि भात पोचट निघालं. माझ्या नवऱ्याने, फेबियनने, त्यातल्याच मूठभर लोंब्या सुतळीने बांधल्या.

"हे देवापुढे न्यायची लाज नाही वाटत?" मी म्हणाले.

"आपल्या शेतात हेच पिकलं, मंग हेच त्याचं. देव काय सूप घेऊन बसलाय पाखडायला? खारं पानी त्यानंपन बघितलंय."

मी ती जुडी कोंबड्यांपुढे टाकली. आम्ही रिकाम्या हातांनी चर्चमध्ये मिस्सेला गेलो. फेबियन सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुढचा आगेरा त्याने पाहिला नाही. त्या वर्षी भात भरघोस आलं, जुडी मी एकटीने नेली, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

४. यंदा आग्नेलने गॅलरीत रंगाच्या डब्यात भात लावलं, म्हणून विळा त्याला. सणाच्या आदल्या दिवशी चिमूटभर लोंब्या घेऊन आला, अर्ध्या पोचट. "आई, चर्चमध्ये नेऊ ना? बेस्ट नाहीयेत, पण मी खरंच ट्राय केलं." 'असल्या?' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला आणि 'ने' म्हणाले. फेबियनला एवढंच ऐकायचं होतं. त्याला ते कधीच मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

५. त्यातली एक लोंबी मी मागून घेतली आहे. ती येशूच्या तसबिरीमागे आहे. मला पेटीत ठेवाल तेव्हा जपमाळेबरोबर ती माझ्या हातात द्यावी. दाणे भरलेत का, हे कोणी दाबून पाहू नये. देवाकडे मी एकदा रिकाम्या हातांनी गेले आहे.

सही : सालोमी फेबियन तुस्कानो

साक्षीदार :
पीटर तुस्कानो, दीर (निरोप पाठवला, लगेच आला)
बायजा म्हात्रे, शेजारीण

राजोडी, ता. वसई, जि. पालघर
१४ ऑक्टोबर २०२४