चौथ्या कात्रीनंतर केलेली वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावन्न, धंदा कात्र्या करणे, शिक्षण संस्कृत घेऊन एम.ए. (या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आजवर कुणाला लागलेला नाही, मलाही नाही), अविवाहित, गल्लीत आणि गिऱ्हाइकांत ‘कात्रीताई’ म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, दोन कप चहा पिऊन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. मरण्याचा तूर्त विचार नाही. वकीलबाई म्हणाल्या, “शहाणी माणसं वेळेवर लिहून ठेवतात.” मी विचारलं, “आणि बाकीची?” त्या म्हणाल्या, “बाकीची माझ्या मुलांच्या फिया भरतात.” तेव्हा लिहिते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, रागाच्या भरात. धाकट्या भावाला काहीही देऊ नये, हे त्यात तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या शब्दांत लिहिलं होतं. माझ्या संस्कृतचा धंद्यात झालेला तेवढाच उपयोग. ते मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. कागद मात्र फाडू नये. भाषा चांगली उतरली आहे.

कलम पहिले : घर आणि घरातल्या वस्तू

माझ्या दोन खोल्या आणि त्यांतल्या सर्व वस्तू धाकट्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका भाचीला द्याव्यात. या घरातली प्रत्येक वस्तू याच देशात झालेली आहे. आल्यागेल्याला मी हे अभिमानाने सांगत असे. भाची म्हणते, “आत्या, सांगायला लागत नाही गं, ऐकू येतं.” हा टोमणा टेबलफॅनला उद्देशून आहे. त्याची हवा कमी आणि वक्तृत्व जास्त, हे मी मान्य करते. बॅटरीला डाव्या बाजूने चापट मारावी. उजवीकडून मारल्यास ती रुसते. छत्री उघडण्यास तत्पर पण मिटण्यास नाखूश आहे. लोखंडी कपाट मात्र उत्तम. ते हलवायला चार माणसं लागतात आणि पाचवं सल्ला द्यायला. त्याच्या दारावर भाचीची पाचव्या वर्षापासूनची उंची कोरलेली आहे, सबब ते विकू नये.

भाची सगळं मोबाइलवरून मागवते. वस्तू बोटीने येते, आठवड्यात बिघडते, ती हसत दुसरी मागवते. यावर मी तिला अनेकदा बोलले आहे. एकदा तिने उलट विचारलं, “आत्या, नुकती शिवणकाम शिकलेली मुलगी तुझी कात्री कशी घेणार? एका कात्रीत तिचा महिना जाईल.” मी तेव्हा तिला देशाभिमानावर बरंच काही ऐकवलं. उत्तर दिलं नाही. उत्तर कलम चौथ्यात आहे.

कलम दुसरे : सन्मानचिन्ह

देशी माल प्रसारक मंडळाने मला दिलेलं पितळी सन्मानचिन्ह मंडळाच्या अध्यक्षांना परत करावं. त्याच्या तळाला काळा कागद चिकटवलेला आहे. तो सोलला की ते कोणत्या बंदरातून आलं ते वाचता येतं. मी सोलला. अध्यक्षांनी माझ्या कारखान्याच्या दारात उभं राहून देशी मालावर पाऊण तास भाषण केलं आणि मग कात्री घेताना भावात घासाघीस केली, हेही इथे नोंदवून ठेवते. माणूस वाईट नाही. चहाला मात्र बोलावू नये, उठत नाही.

कलम तिसरे : मिस्त्री

आमच्याकडे एक्केचाळीस वर्षं काम करणाऱ्या मिस्त्रींना बँकेतल्या ठेवीतला अर्धा भाग आणि खिडकीजवळचं स्टूल द्यावं. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नाही.

मिस्त्री काय करतात, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कात्रीची दोन पाती सरळ असतात असं लोकांना वाटतं. सरळ पाती नुसती एकमेकांना घासतात आणि कापड चावतात. म्हणून प्रत्येक पात्याला हातोडीने किंचित बाक द्यावा लागतो, इतका किंचित की उजेडाकडे धरलं तरच दिसावा. मग मिटताना पाती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि ते भेटण्याचं ठिकाण पाती जोडणाऱ्या खिळीपासून टोकापर्यंत सरकत जातं. त्यालाच कापणं म्हणतात. घडवणं यंत्राला जमतं, धार मला जमते. बाक काढणं हातावर असतं, आणि आमच्या कारखान्यात तो हात फक्त मिस्त्रींकडे आहे. माझा बाक बरा असतो. मी ठोकलेल्या कात्र्या मिस्त्री माझ्यामागे गुपचूप पुन्हा ठोकतात. हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. आता त्यांची दृष्टी मंदावली आहे. त्यांनी काम थांबवलं की कारखान्याला कुलूप, हे आम्ही दोघंही दोन वर्षं जाणतो आणि हवापाण्यावर बोलतो.

कलम चौथे : कारखाना

वकीलबाई म्हणाल्या, हे कलम चार ओळींत बसवा. मी म्हटलं, भांडण अकरा वर्षांचं आहे.

कारखाना वडिलांनी काढला. मी संस्कृतची परीक्षा देऊन सुट्टीत त्यांना मदत करायला आले आणि ती सुट्टी अजून संपलेली नाही. वडिलांनी दोघा भावंडांना सारखंच शिकवलं. ते गेल्यानंतर काही वर्षांनी धाकटा एके सकाळी परदेशी कात्र्यांचं खोकं घेऊन आला. आमच्या किमतीच्या आठव्या हिश्शात एक. म्हणाला, “ताई, आपली कात्री चाळीस वर्षं टिकते. गिऱ्हाईक परत येणार कधी? त्याच्या नातवाच्या लग्नात? निदान ह्या शेजारी ठेवू.” मी खोकं उचलून रस्त्यावर ठेवलं आणि म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत हा माल ह्या दारातून आत येणार नाही, आणि तो आणणाराही. तो आणणारा गेला. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, त्याने दुकान थाटलं. मधलं अंतर एकोणीस पावलं. ती अकरा वर्षांत मी टाकली नाहीत, त्यानेही टाकली नाहीत. भाची मात्र दिवसातून चारदा टाकत असे आणि दोन्हीकडे खाऊन जात असे.

आमच्याकडे एक रीत आहे. वडिलांनी ज्या तारखेला भट्टी पेटवली, त्या तारखेला दरवर्षी जुने शिंपी कारखान्यात जमतात. माझे डोळे बांधतात, पाच कात्र्या पुढे ठेवतात. मुठी कळू नयेत म्हणून सगळ्या मुठींना सुती पट्टी गुंडाळलेली. ओल्या मलमलीचा तुकडा टोकाने कापायचा आणि आपली कोणती ते सांगायचं. सव्वीस वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नव्हतं.

यंदा पहिली कात्री कापड चावली. “बोटीवरची,” मी म्हटलं. दुसरी आमची, मिस्त्रींची. तिसरीला मी नुसतं नाक मुरडलं. चौथी हातात घेतली आणि मलमल अशी उलगडत गेली की मी बोलायचीच थांबले. पुन्हा कापलं. मी म्हटलं, “ही जुनी आहे. ही बाबांच्या हातची आहे. कुणाकडे होती इतकी वर्षं?”

शिंपीकाका खोकले. हे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक आणि सर्वांत खोडकर. म्हणाले, “डोळे सोड पोरी, आणि पट्टीही सोड.”

पट्टी सोडली. आत गुलाबी प्लॅस्टिकच्या मुठी.

“नातीला कागदाची फुलं करायला घेतली,” शिंपीकाका म्हणाले. “तुझ्या समोरच्याकडून. कागद कापता कापता मला वाटलं, अरे, हा हात आपल्या ओळखीचा आहे.”

जमलेले सगळे जे हसले ते अजून हसत असावेत. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ती कात्री उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा चांगला आहे.” एक्केचाळीस वर्षांत त्यांनी कुणाबद्दल असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी एकोणीस पावलं टाकली.

धाकटा गल्ल्यावर होता. मला बघून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. मी गुलाबी कात्री त्याच्यापुढे ठेवली.

“हिला काय केलंस?”

“काय करणार? विकली.”

“बाक कुणी काढला?”

तो शटरकडे बघू लागला. “खोकं उघडलं की पाती एकमेकांकडे पाठ करून बसलेली असतात, ताई. गिऱ्हाइकाच्या हातात तशी कशी द्यायची?”

“म्हणजे सगळ्यांना करतोस?”

“सगळ्यांना कशाला? पोरांच्या, गोल टोकाच्या, त्यांना नाही करत.”

“कधी करतोस?”

“दोन ते चार. दुकान बंद असतं.”

दुकानाला लागूनच त्यांचं घर. तिथून भाची ओरडली, “बाबा! तुम्ही झोपता ना दोन ते चार? आम्ही गेली अकरा वर्षं घरात पाय न वाजवता चालतोय!”

“मग ती टकटक तुम्हाला कसली वाटायची?”

“आईला वाटायचं, तुम्ही दात खाता.”

तर वस्तुस्थिती ही अशी. माझा भाऊ स्वस्त माल घेतो, त्यात अर्ध्या तासाची मेहनत घालतो आणि तो स्वस्तातच विकतो. व्यापारी म्हणून त्याला शून्य मार्क. परंतु ज्यांना माझी कात्री परवडत नव्हती त्यांना मी अकरा वर्षं व्याख्यान दिलं, आणि त्याने कापणारी कात्री दिली. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या दुकानात टकटक करत होतं आणि मला ते रस्ता ओलांडून ऐकू आलं नाही.

याचा अर्थ मी बोटीवरच्या मालाला शरण गेले असा कुणी, विशेषतः अध्यक्षांनी, काढू नये. तो माल बोटीतून उतरतो तेव्हा कापड चावतो. त्याला कापायला शिकवणारा हात इथला आहे, आणि तो आमच्या भट्टीवर तयार झाला. देशी काय, तर तो हात.

सबब कारखाना, भट्टी, ऐरण, धारेचं चाक, हातोड्या आणि नावाचा ठसा हे सर्व धाकट्या भावाला द्यावं. अटी पुढीलप्रमाणे. भट्टी बंद करू नये. महिन्याला निदान वीस कात्र्या इथल्या पोलादाच्या, आपल्या हातच्या व्हाव्यात. बाहेरच्या कात्रीला दारातून आत यायला मुभा आहे, पण बाक काढून घेतल्याशिवाय तिने बाहेर जाऊ नये. तिच्यावर आपला ठसा मारू नये. खोक्यात चिठ्ठी घालावी: “पोलाद बाहेरचं, बाक इथला.” खोटं बोलून विकलेली वस्तू कुठल्याच देशाची नसते. आणि अर्ध्या तासाची मजुरी किमतीत धरावी, गाढवा.

शेवटचा शब्द वकीलबाईंनी खोडायला सांगितला. खोडलेला नाही.

कलम पाचवे : उरलेलं

ठेवीचा उरलेला अर्धा भाग, बाक काढणं शिकायला जो कुणी किंवा जी कुणी येईल त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या पगारासाठी ठेवावा. भाचीने “मी आले तर?” असं विचारलं आहे. तिने ते मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं, म्हणून त्याची गंभीरपणे नोंद घेते. माझे संस्कृत ग्रंथ वाचनालयाला द्यावेत. काही पानांवर तेलाचे डाग आहेत. ते भाष्य समजावं.

सहीपूर्वी जोडलेली नोंद

दोन साक्षीदार लागतात म्हणून मी शिंपीकाकांना आणि धाकट्याला निरोप पाठवला होता. धाकट्याला मुद्दाम बोलावलं, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. ते मी नाकबूल करते.

तो उंबऱ्याशी थांबला. “आत येऊ का?” असं त्याने मिस्त्रींना विचारलं, मला नाही. मिस्त्री म्हणाले, “चपला काढ, खाली कीस आहे पोलादाचा, रुतेल. नको, राहू दे, घालूनच ये.” तो आत आला, पेन काढलं, वाकला, तर वकीलबाईंनी कागद ओढून घेतला.

“तुम्हाला इथे सही करता येणार नाही.”

“का? सही येते मला.”

“ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये.”

त्याने पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघितलं. “काय गळ्यात मारलंयस?”

“कलम चौथं वाच.”

उभ्याने वाचायला सुरुवात केली. मधेच खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. मिस्त्री काही बोलले नाहीत. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालू लागला, ती जमेना.

“ठसा मारू नये, हे लिहायची गरज होती?”

“होती.”

“मी मारला असता?”

“नसता मारलास. पण लिहिलेलं बरं दिसतं.”

“आणि हे सगळं तू गेल्यावर?”

“अर्थात.”

“तुझी तब्येत बघता आधी माझाच नंबर लागेल, ताई.”

“तो वाद नंतर घाला,” मिस्त्री म्हणाले. “मी ह्या गप्पा संपेपर्यंत थांबणार नाही. माझे डोळे थांबणार नाहीत. मला हा आज हवा आहे. दोन ते चार. घरी झोपतो म्हणून सांगतच होता.”

मी वकीलबाईंना विचारलं, मृत्युपत्रातलं एखादं कलम मरण्याच्या आधी अमलात आणता येतं का. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “येतं की. पण त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. त्याला ‘ये’ म्हणतात.”

मी तसं म्हटलं. शब्द छोटा आहे, तरी दोनदा म्हणावा लागला.

साक्षीदार पहिले : शिंपीकाका (सही केली आणि कागदाची कड किती वेडीवाकडी कापली आहे यावर शेरा मारला).

साक्षीदार दुसरे : पलीकडचा औषधवाला. त्याला यातून काहीच मिळत नाही, याची वकीलबाईंनी दोनदा खात्री केली. तो थोडा हिरमुसला.

स्थळ : कारखाना, धारेच्या चाकाशेजारचं टेबल.

दिनांक : सोळा नोव्हेंबर, रविवार, दुपारी सव्वादोन.

सही : शेजारी ऐरणीवर दोघांचं काम चालू असल्यामुळे टेबल हादरत आहे आणि सही वाकडी आली आहे. ती माझीच, आणि पूर्ण शुद्धीतली, समजावी.