फ्रीजरमधले पक

सोमवार, ४ जानेवारी

आली! धाकटी जाऊ आमच्या संघात आली. घरात एका ओट्यावर दोघी, आता एका बर्फावरही दोघीच. दीर म्हणे, "लग्नाआधी चार वर्षं आइस हॉकी खेळलीय ती." सासूबाई लगेच, "बरं झालं, थोरलीला सोबत झाली." सोबत! मी मागितली होती?

पास देण्याच्या सरावाला प्रशिक्षकांनी तिलाच माझ्यासमोर उभं केलं. "कर्णधार, नवीन मुलीला तयार कर." करते ना. चांगलीच करते.

बुधवार, ६ जानेवारी

राज्य संघाची निवड चाचणी तीस तारखेला. आमच्या क्लबातून मधल्या जागेसाठी एकच जण घेणार. आठ वर्षं ती जागा माझी आहे, पण राज्य संघात एकदाही गेले नाही. पस्तीस ही वयाची मर्यादा आणि मला पस्तीस चालू आहे. म्हणजे हे शेवटचं. आणि आज प्रशिक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, "बघू, दोघींपैकी कोण."

दोघींपैकी!! ही बया आली कधी आणि दोघी झालो कधी?

शनिवार, ९ जानेवारी

केलं. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.

गार पक, म्हणजे आमची खेळायची रबरी चकती, बर्फावरून सपाट घसरतो. तोच गरम असला की रबर उड्या मारतं, स्टिकच्या पातीवर टिकत नाही. म्हणून आमचे सगळे पक स्टोअरमधल्या फ्रीजरमध्ये असतात. किल्ली माझ्याकडे, घरी खुंटीवर असते. तिथे सॉकेट एकच. फ्रीजरचा प्लग काढला, माझा हेअर ड्रायर लावला, एक पक चांगला शेकला, प्लग परत लावला. पाच मिनिटांचं काम! बाकी जोड्यांना गार पक, आमच्या जोडीला हा.

तिच्या पातीवरून आठ वेळा उडाला. प्रशिक्षक ओरडले, "अगं, हात सैल सोड!" माझ्याकडे परत आला की मी सरळ बुटाने अडवते. कर्णधाराला कोण बोलणार?

घरी आल्यावर ती गुपचूप वाटाणे सोलत बसली. मला फार बरं वाटलं.

गुरुवार, १४ जानेवारी

आजही शेकला. पाचदाच उडाला. मग मी जोर वाढवला, तर एक तिच्या नडगीवर बसला. "लागलं का गं?" मी. "असू दे ताई." तिचं हे 'ताई' डोक्यात जातं माझ्या.

मंगळवार, १९ जानेवारी

दोनदा.

शुक्रवार, २२ जानेवारी

एकदाही नाही! स्टिक जरा मागे घेते आणि वरून आलेलं अंडं झेलावं तसा पक उतरवून घेते. नंतर पक ताब्यात ठेवायचा सराव होता. चौघी हिसकावणार, आपण दोन मिनिटं सोडायचा नाही. या वेळी पक फ्रीजरमधला, गार. मी पुरी दोन मिनिटं ठेवला, तिने दीड. गार पकावर अजून मीच वरचढ आहे. चाचणीला गारच असतात.

प्रशिक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "छान तयार करतेयस हिला." अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवार, २९ जानेवारी

शेवटचा सराव. सवयीने आजही शेकला. तेवढ्यात बाहेरून प्रशिक्षकांची हाक, "कर्णधार, उद्याची यादी आण!" धावतच गेले.

शनिवार, ३० जानेवारी

सकाळी निवड समितीसमोर स्टोअर उघडलं. फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. आत सगळे पक कोमट! प्लग खाली लोंबत होता.

समितीची बाई घड्याळ बघत म्हणाली, "आहेत त्यावर खेळा. सगळ्यांना सारखेच."

सारखेच!! पहिलाच पास माझ्या पातीवरून टणकन उडून कुंपणावर. दुसरा पायातून मागे. सवयीने बुटाने अडवायला गेले तर समोरचीने तेवढ्यात पळवला. सगळ्याच चाचपडत होत्या. एक सोडून. तिच्याकडे पक आला की तिथेच बसायचा, तीन आठवडे दुसरं काय केलंय तिने?

म्हणजे मीच. माझ्याच हाताने.

रविवार, ३१ जानेवारी

लावला होता का प्लग? हाक आली, ड्रायर पिशवीत टाकला, मग? आठवत नाही. कुरियर ऑफिसातलं एकेक पाकीट मी दोनदा तपासते आणि हे आठवत नाही!

सोमवार, १ फेब्रुवारी

यादी लागली. ती.

सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, वर मला म्हणाल्या, "तुझीच मेहनत हो." कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं, डोकं दुखतंय. रडले. जागा गेली म्हणून नाही, मूर्खपणा माझा म्हणून.

मंगळवार, २ फेब्रुवारी

संध्याकाळी ती संघाची नवी जर्सी इस्त्री करत होती. मी बाजूने जात होते. मान वर न करता म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका ताई. प्लग तुम्ही नीट लावला होतात. किल्ली तर आपल्या खुंटीवरच असते."