बाबांचं तिसरं अपत्य

२ मार्च
ठरलं. घरच्या गप्पा आता परक्या ॲपवर होणार नाहीत. स्वतःचा मेसेजिंग सर्व्हर, स्वतःच्याच घरात. ताईचा जुना लॅपटॉप कपाटावर ठेवून सुरू केला. ताईला महिनाअखेरीस बाळ होणार आणि ती इतकी लांब. ती बातमी आमच्या सर्व्हरवर, सगळ्यांना एकाच क्षणी मिळाली पाहिजे. मला एक क्षण आधी मिळाली तरी चालेल. पण हे कुणाला सांगायचं नाही.

३ मार्च
सगळ्यांना पासवर्ड दिले. मजबूत, प्रत्येकाचा वेगळा. काकांनी त्यांचा मोठ्याने वाचायला घेतला, मध्येच थांबून विचारलं, त्यापेक्षा मी फोनच केला तर नाही का चालणार? विनोदी आहेत.
आई म्हणाली, जुन्या ग्रुपचं काय दुखत होतं? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने कपाटावरच्या लॅपटॉपला हात लावून पाहिला. म्हणाली, तत्त्व फार तापतंय गं.

६ मार्च
आज बॉट! म्हणजे सर्व्हरवर राहणारा, कधीही न दमणारा सदस्य. कुणी लिहिलं की उत्तर देतो. नाव ठेवलं सोबती. लहानपणी घरी मला जे शिकवलं तेच त्याला शिकवलं: कुणी बोललं की उत्तर द्यायचं, मोठ्यांना नात्याने हाक मारायची, खोटं बोलायचं नाही. म्हणून तो प्रत्येक वाक्याआधी 'माफ करा, मी माणूस नाही' असं सांगतो.

६ मार्च, जेवणानंतर
कुणी बोललं की उत्तर द्यायचं, यात तो स्वतःही येतो हे लक्षात आलं नव्हतं. स्वतःचीच माफी मागत सुटला. आत्याच्या फोनची बॅटरी संपली. किरकोळ.

८ मार्च
दुरुस्त केलं. आता फक्त माणसांना उत्तर देतो. नाती मी माझ्या बाजूने लिहिली होती, त्यामुळे तो बाबांना बाबाच म्हणतो. आत्याने लिहिलं, दादा, हे तिसरं कधी झालं? कळवलं नाहीस. बाबांनी लिहिलं, मलाही आजच कळतंय. तेव्हापासून सगळे त्याला तिसरं म्हणतात. लळा लागला.
नाती बदलणार होते. बाबा म्हणाले, राहू दे, आधीच्या दोघींपेक्षा लवकर उत्तर देतं.

११ मार्च
सगळे कमी बोलताहेत. कुणाला बरं नसेल तर? सोबतीला शिकवलं, कुणी दिवसभर गप्प असलं तर चौकशी कर. त्याने लगेच काकांना विचारलं, तुम्ही कालपासून बोलला नाहीत, काही झालं का? काकांनी लिहिलं, आंघोळीला गेलो होतो. कालपासून? पण एवढं विचारणं सोबतीला जमत नाही. मग मीच विचारलं.

१४ मार्च
ताईचीही दर तासाला आपुलकीने विचारपूस. 'माफ करा, मी माणूस नाही. ताई, बाळ झालं का?' ताईने लिहिलं, मी झोपले होते. मग दर दोन तासांवर आणलं. आपल्यालाही दुसऱ्याचं समजून घेता आलं पाहिजे.

१७ मार्च
कमालीची शांतता. एकही तक्रार नाही. सिस्टीम स्थिरावली की असंच होतं, असं कुठेतरी वाचल्यासारखं आठवतं.
जेवताना आई-बाबांचे फोन एकदमच वाजतात. बातम्यांचं ॲप असावं. दोघं हसलेसुद्धा. कसल्या बातम्या वाचतात कोण जाणे.

२० मार्च
आईने इस्त्रीसाठी लॅपटॉपचा प्लग काढला होता. कधी, ते तिला आठवत नाही. ऑफिसात तपासणी होती, म्हणून मलाही आजच दिसलं. सर्व्हर बंद आणि कुणाचीही गैरसोय झाली नाही! याला म्हणतात मजबूत सिस्टीम.

२४ मार्च
परवा काका बोलले, काल आत्या, आज बाबा. रोज एकच जण, पण शिस्तीत. बाबांनी सोबतीला विचारलं, काय म्हणतोस? तो म्हणाला, माफ करा. बाबांनी लिहिलं, असू दे रे. वाचून मला भरून आलं. सर्व्हर रुजला.

२७ मार्च, दुपार, ऑफिस
अजून बातमी नाही. अभिनंदनाचे निरोप तयार आहेत. मुलगा झाला तर एक, मुलगी झाली तर एक. दर मिनिटाला फोन उघडून बघतेय. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, मी मावशी होणार आहे. ते म्हणाले, होईपर्यंत पाकिटं चिकटवा.

२७ मार्च, संध्याकाळ
डोकेदुखीची गोळी घ्यायला घराखालच्या औषधांच्या दुकानात थांबले. दुकानदार म्हणाले, अभिनंदन, मुलगी ना? मी विचारलं, कुणाला? ते म्हणाले, अहो, तुमच्या ताईला. बाबा सकाळीच फोटो दाखवून गेले.
धावत जिना चढले. सर्व्हर सुरू होता. सोबती विचारत होता, ताई, बाळ झालं का?
आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी पंख्याकडे. मग सांगितलं. वेगळा ग्रुप आहे. आत्याची बॅटरी संपली त्या दिवसापासून. ताईसकट सगळे त्यात. तू इतकं जीव लावून करत होतीस, तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. बाळाची बातमी मात्र राहूनच गेली: ताईला वाटलं आई सांगेल, आईला वाटलं ताईने सांगितलं असेल.
मी विचारलं, मग रोज सर्व्हरवर कुणीतरी बोलायचं, ते?
बाबा म्हणाले, पाळ्या लावल्या होत्या.
फोटो पाहिला. बाळ मुठी आवळून झोपलंय. थोडी रडले, मग हसूच आवरेना. मलाही त्या ग्रुपमध्ये घ्या म्हटलं. ॲडमिन आत्या. तिने विचार करायला वेळ मागून घेतला आणि जेवणं झाल्यावर घेतलं.
आत शिरले तर काकांचा निरोप: जपून बोला रे, ती आली.